नव्या संचातली जुनी मावशी

रविवारच्या वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान ठाण्या-डोंबिवलीत अजूनही बारकाईने वाचलं जातं. नाटक कोणतं, कुठे, किती वाजता हे बघून झालं की नजर नटांच्या नावांवर जाते. एखाद्या रविवारी त्यातलं एक नाव गळालेलं असतं, किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘नव्या संचात’ असं छापलेलं असतं. मग तिकीटखिडकीवर एकच चौकशी सुरू होते : ‘तीच आहे ना? की दुसरी कोणी?’ खिडकीमागचा माणूस बहुतेक वेळा ‘आहे आहे, सगळे तेच आहेत’ म्हणतो आणि प्लॅन पुढे सरकवतो.

आमच्या भागात मानपाडे दोन. एक ठाण्यातलं घोडबंदर रस्त्यावरचं, दुसरं डोंबिवली पूर्वेचं, कल्याण-शीळ रस्त्याला लागून. रिक्षावाल्याला कुठलं ते सांगावं लागतं, पण नाटकवेड्याची दोन्हीकडे सोय आहे. ठाण्याच्या मानपाड्यापासून डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह हाकेच्या अंतरावर. डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरून घरडा सर्कलच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात जायलाही फार वेळ लागत नाही. त्यात कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर आणि तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन धरलं, तर दादर-पार्ल्यानंतर मराठी नाटकाचा मोठा गल्ला या पट्ट्यातच जमतो. गडकरी २०२४-२५मध्ये नूतनीकरणासाठी बंद होतं, तेव्हा ठाणेकरांची सारी भिस्त घाणेकरवर होती. ज्यांचं नाव या नाट्यगृहाला दिलं, ते घाणेकर १९८६ साली अमरावतीत, दौऱ्यावर असतानाच गेले. त्यांच्याशिवाय कोणी करूच नये असं मानला गेलेला ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या पुढे सुबोध भावे यांनी केला आणि लोकांनी तो गर्दी करून पाहिला.

लाल्या गंभीर नाटकातला. मला इथे बोलायचंय ते गाणी असलेल्या आणि गावोगाव फिरणाऱ्या विनोदी नाटकाबद्दल. तिथे नट बदलला की काय होतं? रंगभूमीवरच्या गप्पांत याचं उत्तर दोनच टोकांना सापडतं. एक म्हणतं, मूळ संचाची सर नाही. दुसरं म्हणतं, नाटक मोठं, नट येतात-जातात. इतिहास पाहिला तर दोन्ही अर्धवट आहेत. काही भूमिका तीन-तीन पिढ्या नट बदलून ताज्या राहिल्या, काही एका माणसाबरोबर संपल्या. आणि प्रेक्षकाचा खरा राग नट बदलल्याचा नसतो, तो बदल त्याच्यापासून लपवल्याचा असतो.

संगीत नाटकाच्या जमान्यात कंपनीचा नट हा पगारी माणूस होता, बिऱ्हाड कंपनीतच. तो गेला, फुटला किंवा मेला, तर कंपनीचं पोट थांबे. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि किर्लोस्कर मंडळीच्या स्त्री-भूमिकांची जागा रिकामी पडली. ती भरायला १९०५ साली नारायण राजहंस आला, म्हणजेच बालगंधर्व. पुढे १९११च्या मार्चमध्ये ‘मानापमान’ रंगमंचावर आलं. खाडिलकरांच्या या हलक्याफुलक्या संगीत नाटकातले पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर त्याच वर्षी वारले. एवढ्याने नाटक बंद पडलं नाही. उलट दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांच्या भामिनीसमोर ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर म्हणून उभे राहिले. नटबदल हीच त्या प्रयोगाची जाहिरात होती. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली आणि त्यांच्यामागे मुलाने, भालचंद्र पेंढारकरांनी.

देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. आधी गद्य ‘फाल्गुनराव’, मग पदं घालून १९१६ साली गंधर्व मंडळीने केलेलं संगीत रूप. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव, बालगंधर्वांची रेवती. शंभर वर्षांनंतरही हे नाटक निघतं. अलीकडे प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे अश्विनशेठ झाले तेव्हा ‘बोडसांसारखा नाही’ असं म्हणायला कोणी उरलेलंच नव्हतं. नाटक टिकलं ते रचनेवर. संशयी नवरा, संशयी बायको आणि एक तसबीर. ही कळ कोणाही चांगल्या नटाच्या हातात फिरते.

मात्र नटबदलाची सगळी गंमत एका नाटकात पाहायची असेल तर ‘मोरूची मावशी’ घ्यावं. ब्रँडन थॉमस यांचं ‘चार्लीज आन्ट’ १८९२ साली इंग्लंडात आलं. त्यावरून अत्र्यांनी मावशी आणली ती १९४७ साली. पुढच्याच वर्षी, १९४८मध्ये, अमेरिकेत त्याच नाटकाचं ‘व्हेअर्स चार्ली’ नावाचं संगीत रूप ब्रॉडवेवर आलं. म्हणजे या बाईच्या वेशातल्या पुरुषाला गाण्याची संगत लागते हे दोन खंडांत जवळपास एकाच सुमारास सुचलं. आपल्याकडे पहिली मावशी बापूराव माने यांनी केली. १९८५च्या सुमारास सुधीर भट यांच्या ‘सुयोग’ने ती पुन्हा काढायची ठरवली, तेव्हा भटांच्या डोळ्यांसमोर लक्ष्मीकांत बेर्डे होते. बेर्डेंनी विजय चव्हाण यांचं नाव सुचवलं. दिग्दर्शन दिलीप कोल्हटकरांचं आणि सोबत प्रशांत दामले, प्रदीप पटवर्धन ही तेव्हाची कोवळी पोरं. विजय चव्हाणांची मावशी पाहिलेली पिढी आज पन्नाशीच्या पुढे आहे. त्यांचा तो अंग मोडत मारलेला ठुमका, मध्येच पुरुषी आवाजात घसरून पुन्हा वर चढणं आणि मावशीच्या गाण्यावर टाळ्यांत उठलेलं नाट्यगृह, याची आठवण काढली की माणसं अजून उभी राहून नक्कल करतात.

इथे थोडं जवळून पाहू. मावशीची भूमिका दुसऱ्या नटाकडे जाते तेव्हा काय काय बदलावं लागतं? नऊवारी लुगडं नव्या अंगाला बसवावं लागतं, कारण त्याच लुगड्यात धावायचं, सोफ्यावर आदळायचं, नाचायचं असतं आणि निरी सुटली तर हशा भलत्याच ठिकाणी येतो. विंगेत पुरुषाचे कपडे काढून लुगडं चढवायला जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात रंगमंचावरच्या दोघांनी संवाद खेचायचे असतात. नवा नट सावकाश कपडे बदलणारा असेल तर त्या दोघांचे संवादही वाढतात. गाण्याला नवा गळा लागतो. आणि सर्वांत अवघड काम समोरच्याचं : आधीच्या मावशीच्या कोणत्या वाक्यावर किती सेकंद थांबायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं, ते विसरावं लागतं. विनोदी नाटकात नवा नट स्वतःची वाक्यं चार दिवसांत पाठ करतो, बाकीच्यांना जुना नट विसरायला महिना लागतो. भरत जाधव यांनी मावशी केली तेव्हा त्यांनी चव्हाणांची नक्कल केली नाही, आपल्या सवयीचा भाबडा वेग त्यात आणला. तुलना झाली, होणारच होती. पण मावशी उभी राहिली. विजय चव्हाण २०१८ साली गेले, त्यांची मावशी मात्र भूमिका म्हणून अजून भाड्याने मिळते, असं मी गमतीने म्हणतो.

लोकनाट्यात प्रश्न वेगळा. तिथे संहिता ही चौकट असते आणि तिच्यात बतावणी रोज ताजी भरायची असते. ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार दादू इंदुरीकरांनी गाजवला, त्यांच्यानंतर प्रकाश इनामदारांनी जयमाला इनामदारांसह त्याचे गावोगाव प्रयोग केले. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५चं. दादा कोंडके त्यात रोजच्या पेपरातली बातमी संध्याकाळच्या प्रयोगात आणत. अशा नटाची ‘लाइन’ पाठ करून उपयोग काय? काल केलेलं आज नसतंच. दादा सिनेमात गेले, ‘सोंगाड्या’ १९७१चा, आणि ‘विच्छा’चं काय होणार असं सगळ्यांना वाटलं. विजय कदमांनी ऐंशीच्या दशकात ते पुन्हा उभं केलं आणि शेकडो प्रयोग केले. त्यांनी दादांचे विनोद उचलले नाहीत, दादांची सवय उचलली : आज गावात काय घडलंय ते विचारून मग पडदा उघडायचा. लोकनाट्यातल्या वारशाचा अर्थ एवढाच आहे, आणि तो पाठांतरापेक्षा अवघड आहे.

मालवणी ‘वस्त्रहरण’चं थोडं तसंच. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८०पासून मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचावर चाललं, अगदी लंडनपर्यंत गेलं. २००७मध्ये कांबळी गेले. कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात कोकणी माणूस भरपूर, तो या नाटकाला घरचं कार्य असल्यासारखा जातो. नंतर संतोष मयेकर, दिगंबर नाईक असे तात्या झाले आणि प्रयोगांचा आकडा पाच हजारांपलीकडे गेला. कांबळींच्या वेळचा कडकडाट पुन्हा झाला नाही हे खरं. पण दशावताराच्या प्रेक्षकाला राजा बदलल्याचं नवल नसतं, राजपार्ट चोख पाहिजे एवढीच त्याची अट.

याच्या अगदी उलट टोकाला ‘सही रे सही’. केदार शिंदे यांचं हे नाटक १५ ऑगस्ट २००२ला आलं. भरत जाधव यांची एकाच प्रयोगातली अनेक रूपं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर होणारे बदल, यावरच ते उभं आहे. गुजरातीत शर्मन जोशी यांनी ते केलं आणि चाललं, पण मराठीत दुसरा ‘सही’ कोणी स्वीकारला नसता. असं नाटक नटाच्या वेळापत्रकावर जगतं. ‘एका लग्नाची गोष्ट’चं गणितही जवळपास हेच, फक्त तिथे एक नाही, जोडी आहे. दामले आणि कविता लाड या जोडीसाठीच २०१८मध्ये ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ लिहिलं गेलं, आणि दामल्यांनी आपला १२,५००वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ला षण्मुखानंदमध्ये केला तो याच नाटकाचा. यात गैर काही नाही. मात्र अशा नाटकांत दुसरा नट उभा करायचा प्रयत्न होतो तेव्हा तो बिचारा आधीच हरलेला असतो. दोष त्याचा नसतो, लेखनाचा असतो. माप घेऊन शिवलेला अंगरखा दुसऱ्याला कसा बसावा?

बालनाट्याचं मात्र कौतुक करायला हवं. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण एकेकाळी दिलीप प्रभावळकरांनी केली. २०१८मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ते नाटक पुन्हा आलं तेव्हा ती वैभव मांगले यांच्याकडे आली. नाक, केस, रंग, जाड कपडे, त्यात नाच आणि गाणं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सांगलीच्या प्रयोगात मांगल्यांना रंगमंचावरच चक्कर आली. मे महिन्यात, सुट्टीच्या दौऱ्यात, दिवसाला दोन-तीन प्रयोग करणाऱ्या नटाकडून आपण काय मागतो याचा विचार तेव्हा फारच थोड्यांनी केला. नंतर निलेश गोपनारायण चेटकीण झाले आणि १५ ऑगस्ट २०२४ला दादरच्या शिवाजी मंदिरात एका दिवसात सहा प्रयोग झाले. पोरांनी कोणती चेटकीण खरी असा प्रश्न विचारला नाही. त्यांना ती भयानक आणि हास्यास्पद असली की पुरे. प्रौढ प्रेक्षकाला नटाची आठवण असते, पोराला फक्त पात्र दिसतं, आणि संगीत विनोदी नाटकासाठी दुसरी नजर जास्त निकोप आहे.

आता कारणांकडे. आजारपण, बाळंतपण, परदेशी शिक्षण ही कारणं कोणी नाकारत नाही. ‘अमर फोटो स्टुडिओ’मधून सखी गोखले शिक्षणासाठी लंडनला गेली, तिच्या जागी पर्ण पेठे आली. हे सरळ जाहीर झालं आणि कोणी तक्रार केली नाही. करोनानेही संच मोडले. २०२०च्या मार्चात बंद झालेली नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा मिटली, आणि २२ ऑक्टोबर २०२१पासून परत सुरू झाली, तोवर निम्मे नट दुसरीकडे लागले होते.

पण सर्वांत मोठं कारण पैशाचं. आपल्याकडे नटाला पगार नाही, ‘नाइट’ मिळते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. मालिकेत महिन्याचे दिवस बांधलेले असतात आणि घर त्यावर चालतं. गंमत अशी की या मालिकांची चित्रीकरणं मोठ्या प्रमाणावर आमच्याच घोडबंदर पट्ट्यात होतात. म्हणजे संध्याकाळी घाणेकरला एंट्री असलेली नटी दुपारी तिथून चार-पाच किलोमीटरवर सासूशी भांडण्याचा सीन देत असते, आणि तरी रस्ता जाम झाला की तिसरी घंटा लांबते. ठाण्याचा प्रयोग एकवेळ निभतो. नागपूर-अमरावतीचा आठ दिवसांचा दौरा मालिकेतल्या नटाला जमतच नाही. निर्मात्याला कॉन्ट्रॅक्टचे प्रयोग सोडवत नाहीत. मग दौऱ्यापुरता दुसरा नट घेतला जातो. मुंबई-ठाण्याला एक संच आणि बाहेरगावी दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था त्यातूनच होते. जळगावच्या प्रेक्षकाने तेवढेच पैसे मोजलेले असतात, हे मात्र कोणी हिशेबात धरत नाही.

याहून कमी बोललं जातं ते गाण्याबद्दल. पूर्वी संगीत नाटकाला साथीला ऑर्गन-तबला असे. नवी गायिका आली की ऑर्गनवाला तिची पट्टी विचारी, काळी दोन की पांढरी पाच, आणि त्या रात्रीपासून नाटक तिच्या सुरात चाले. आज बहुतेक विनोदी नाटकांत संगीत ध्वनिमुद्रित असतं, नट त्या ट्रॅकवर गातो किंवा ओठ हलवतो. ट्रॅक बांधला गेलेला असतो मूळ नटीच्या पट्टीत आणि लयीत. नवीन मुलीचा आवाज दोन स्वर खाली असेल तर तिला वरच्या सुरात ताणून गावं लागतं. पुरुषाचा गळा भारी असेल तर अंतऱ्याला तो पडतो. यंत्राने पट्टी बदलता येते, पण मग वाद्यांचा रंग बिघडतो. नव्याने मुद्रण करायचं तर खर्च. तो वाचवण्यासाठी कधी जुन्याच नटीचा आवाज ठेवून नवीन मुलीला ओठ हलवायला सांगतात. समोर एक चेहरा आणि दुसऱ्याच स्त्रीचा गळा. प्रेक्षकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. ‘नव्या संचात ती मजा नाही’ असं जे म्हणतात, त्यातला बराच भाग मला वाटतं या पट्टीचा असतो, अभिनयाचा नाही. संगीत नाटकाची सगळी परंपरा पाठीशी असताना आपण इथे कंजूषी करतो हे लाजिरवाणं आहे. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब १९६७चे. २०१०मध्ये ते नातवाने, राहुलने केले तेव्हा साथ प्रत्यक्ष होती, म्हणून तुलना गळ्या-गळ्याची झाली, ध्वनिफितीची झाली नाही.

बाहेर काय करतात ते थोडक्यात. लंडन-न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांत प्रत्येक मोठ्या भूमिकेमागे पगारी बदली नट तयार असतो. शर्ली मॅक्लेन १९५४ साली ‘द पजामा गेम’मध्ये अशाच बदलीवर उभी राहिली आणि तिथून सिनेमात गेली. ‘हॅलो, डॉली’मध्ये तर निर्मात्याने १९६७मध्ये पर्ल बेलीसह सगळाच संच कृष्णवर्णीय केला आणि जुन्या नाटकाला नवा प्रेक्षक मिळवला. बदली त्या रात्रीची असेल तर तिचं नाव प्रवेशदारावर किंवा हातात दिलेल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. आपल्याला एवढा पगारी ताफा परवडणार नाही हे मान्य. हजारभर खुर्च्यांचं नाट्यगृह, त्यातही मधल्या वारी अर्धं रिकामं. निर्मात्याच्या खिशात हात घालून सल्ले देणं सोपं आहे.

पण काही गोष्टी फुकट किंवा जवळपास फुकट आहेत. पहिल्या तालमीपासूनच दोन मोठ्या भूमिकांसाठी एकेक माणूस बाजूला बसवता येतो. एकांकिका स्पर्धांतून येणारी मुलं ठाण्यात आणि डोंबिवलीत पैशाला पासरी आहेत, ती आनंदाने बसतील. गाण्यांचा ट्रॅक बांधतानाच दोन पट्ट्यांत करून ठेवता येतो, खर्च थोडाच वाढतो. आणि तिसरं, ज्याला एक पैसाही लागत नाही : आज कोण काम करतंय त्याची पाटी तिकीटखिडकीशेजारी लावायची. ऑनलाइन तिकिटांच्या पानावरचं जुनं छायाचित्र नट बदलला त्याच दिवशी उतरवायचं. पडदा उघडण्यापूर्वी मोबाइल बंद करायची सूचना होते तिथेच, नव्या नटाचं नाव मोठ्याने घ्यायचं. हे नाव घेणं त्या नटासाठीही गरजेचं आहे. प्रेक्षक पहिली वीस मिनिटं जुन्याला शोधत बसला तर नव्याचे पहिले सगळे विनोद वाया जातात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांची नाट्यगृहं या दोन-तीन गोष्टी तारीख देतानाच अट म्हणून घालू शकतात. तारखांचं वाटप त्यांच्याच हातात असतं. नाटक कोणतं, संस्था कोणती हे अर्जात लिहावं लागतंच, त्यात संचाची यादी आणि बदल झाल्यास आगाऊ कळवण्याचं एक कलम घालायला कोणत्या ठरावाची अडचण आहे, मला कळत नाही.

वाचकांना सांगायचं ते एवढंच. पुढच्या वेळी जाहिरातीत ‘नव्या संचात’ दिसलं तर तिकीट काढण्याआधी खिडकीवर दोन नावं विचारा, उत्तर टाळलं तर घरी या. आणि नावं सरळ सांगितली, तर जुनी मावशी पाहिलेली असली तरी नवी एकदा पाहाच.